समुद्राला घातलेले दार

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्यास बांध म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उधाणाच्या भरतीला खारे पाणी शेतात शिरले तर पुढची कित्येक वर्षे भाताचे पीक धड येत नाही, हे तो वाडवडिलांपासून जाणतो. म्हणून तो बांध घालतो आणि बांधात उघाडी ठेवतो. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की उघाडीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की शेतातले पाणी ते दार ढकलून बाहेर पडते. गोव्यातील खाजण जमिनींत हेच काम ‘मानस’ करते. समुद्राशी कायमचे वैर धरावयाचे नाही, परंतु त्याला वाटेल तेव्हा घरातही येऊ द्यावयाचे नाही, असा हा जुना शहाणपणा आहे.

हाच शहाणपणा एका राष्ट्राला फार मोठ्या प्रमाणावर आणि फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ते राष्ट्र म्हणजे हॉलंड. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदाज’ म्हटले आहे आणि सतराव्या शतकात ज्यांची वखार वेंगुर्ल्यास होती, ते हेच लोक. जगभर समुद्रावर संचार करणाऱ्या या लोकांच्या स्वतःच्या घराची जमीन मात्र समुद्रसपाटीच्या खाली आहे. रॉटरडॅम आणि गौडा या दोन शहरांच्या दरम्यान न्यूवेरकेर्क नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात देशातील सर्वांत खोल जागा असून ती समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा 6.76 मीटर खाली आहे. एखादे दुमजली घर तेथे बांधले आणि भोवतालचे बांध नाहीसे झाले, तर छपराचा वरचा भाग तेवढा पाण्यावर दिसेल.

ही जमीन प्रथमपासून इतकी खोल नव्हती. तेथील माती कुजलेल्या वनस्पतींची, स्पंजासारखी पाणी धरणारी आहे. शेतीसाठी तिच्यातील पाणी काढून टाकले की ती आकसते आणि खचते. खचली की पुन्हा पाणी साचते. ते उपसले की जमीन आणखी खाली जाते. प्रथम चरांनी, मग पवनचक्क्यांनी, पुढे वाफेच्या आणि विजेच्या पंपांनी हा उपसा शतकानुशतके चालला. कित्येक ठिकाणी जळणासाठी ही मातीच कापून नेण्यात आली. परिणामी शेते खाली आणि नद्या वर अशी विलक्षण स्थिती झाली. घराच्या अंगणात उभे राहिलेल्या माणसाला बांधावरून सरकणारे गलबत मान वर करून पाहावे लागे.

या प्रदेशातून हॉलंडसे आयसेल नावाची एक लहानशी नदी वाहते. गौड्याकडून येऊन ती क्रिम्पेन या गावाजवळ रॉटरडॅमच्या मोठ्या नदीस मिळते. नदी लहान, परंतु भरती-ओहोटी तिच्यात थेट गौड्यापर्यंत पोहोचते. याचे कारण रॉटरडॅमच्या वैभवात आहे. मोठमोठ्या आगबोटींना बंदरापर्यंत सरळ येता यावे म्हणून त्या शहराने समुद्रापर्यंत एक नवा जलमार्ग खोदला आणि 1872 मध्ये तो खुला झाला. त्या मार्गाला दार नव्हते. दार घातले तर बोटी खोळंबणार आणि व्यापार दुसऱ्या बंदराकडे जाणार. म्हणून ज्या वाटेने लक्ष्मी आली तीच वाट समुद्रालाही मोकळी राहिली. तिच्या टोकाशी, आयसेलच्या काठांवर, जुने मातीचे बांध उभे होते आणि त्यांच्या भरवशावर दक्षिण व उत्तर हॉलंडमधील सुमारे तीस लक्ष लोक रात्री निर्धास्त झोपत होते.

हा भरवसा फोल आहे असे सांगणारा एक मनुष्य होता. त्याचे नाव योहान व्हान वेन. 1893 मध्ये जन्मलेला हा स्थापत्यशास्त्रज्ञ सरकारच्या जलखात्यात नोकरीस होता. नद्यांच्या मुखांतील प्रवाह आणि वाळूच्या हालचाली यांचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. 1939 मध्ये वादळी भरतीचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि व्हान वेन तिचे चिटणीस झाले. मोजमापे घेतल्यावर जे दिसून आले ते भयंकर होते. अनेक ठिकाणचे बांध मोठ्या वादळापुढे टिकण्याजोगे नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी देश जर्मनांच्या ताब्यात गेला. युद्ध संपले तेव्हा उद्ध्वस्त शहरे, मोडलेले पूल आणि रिकामा खजिना एवढेच हाती उरले होते. घरे आधी बांधावी की बांध आधी उंच करावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी ‘घरे’ असेच येत गेले, आणि त्यात कोणाला फारसा दोषही देता येत नाही. ज्याला आज रात्री डोक्यावर छप्पर नाही त्याला उद्याच्या लाटेची भीती सांगून काय उपयोग?

व्हान वेन यांनी आपल्या लेखनात ‘कासांद्रा’ हे टोपणनाव घेतले होते. ग्रीक पुराणातील कासांद्रा भविष्य अचूक सांगत असे, परंतु तिच्यावर कोणीही विश्वास ठेवू नये असा तिला शाप होता. नदीमुखे धरणांनी बंद करण्यासंबंधीचा त्यांचा एक अहवाल 1953 च्या जानेवारीच्या अखेरीस वरिष्ठांकडे गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच शाप खरा ठरला.

31 जानेवारी 1953 हा शनिवार होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. त्यातच वायव्येकडून प्रचंड वादळ उत्तर समुद्रावर उतरले. हा समुद्र नरसाळ्यासारखा आहे. उत्तरेस रुंद आणि दक्षिणेस इंग्लंड व हॉलंड यांच्या मध्ये चिंचोळा. वाऱ्याने ढकललेले पाणी दक्षिणेच्या कोपऱ्यात कोंडले की त्याला वर चढण्यावाचून गती नसते. हवामान खात्याने संध्याकाळी इशारा दिला होता. परंतु तो शनिवार होता. कचेऱ्या बंद होत्या, इशाऱ्याच्या तारा मोजक्याच ठिकाणी जात असत, आणि नभोवाणीचे प्रसारण रिवाजाप्रमाणे मध्यरात्री थांबले. वारा घोंघावत होता, पाणी चढत होते, आणि ज्या यंत्राने घराघरांत माणसे जागी करता आली असती ते यंत्र मुके होते.

पहाटेच्या सुमारास जलमार्गाच्या मुखाशी पाणी सरासरी पातळीच्या वर 3.85 मीटर चढले. दक्षिणेकडील झेलंड प्रांतात ते याहूनही उंच गेले. बांध फुटले ते बहुधा समुद्राच्या बाजूने नव्हे. पाणी माथ्यावरून ओसंडून आतल्या बाजूने खाली कोसळू लागले, तेथील माती धुपून गेली आणि पाठ खचलेला बांध कोसळला. पाणी ओसरेल या आशेने लोक माळ्यांवर आणि छपरांवर बसून राहिले. रविवारी दुपारी दुसरी भरती आली, आणि पहिलीतून वाचलेल्या अनेकांना ती घेऊन गेली. एकट्या हॉलंडात 1,836 माणसे मृत्यू पावली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरही तीनशेहून अधिक बळी पडले.

याच पहाटे न्यूवेरकेर्कच्या बांधावर जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील बांधाच्या एका तुकड्याला दगडी अस्तर नव्हते. केवळ गवत होते. गावकरी रात्रभर त्या तुकड्याला आधार देण्याची खटपट करीत होते. पहाटे तो फुटला. आत साडेसहा मीटर खोलीचा प्रदेश आणि त्यापलीकडे मोठमोठी शहरे. गावच्या नगराध्यक्षाने आरी एव्हेग्रून नावाच्या एका नावाड्याला त्याचे ‘द ट्वे खेब्रूडर्स’, म्हणजे ‘दोघे भाऊ’, नावाचे गलबत भगदाडात आणून घालण्यास सांगितले. गलबत म्हणजे त्या माणसाची उपजीविका. शिवाय प्रवाहाने ते आत खेचले असते तर नावाडीही वाचला नसता. एव्हेग्रून याने गलबत नेमके लावले. पाण्याच्या रेट्याने ते भगदाडावर दाराप्रमाणे फिरून घट्ट बसले आणि मागून लोकांनी मातीच्या पोत्यांनी फट बुजविली. तीस लक्ष लोकांचे संरक्षण त्या पहाटे एका लाकूडलोखंडाच्या होडक्यावर येऊन ठेपले होते. त्या प्रसंगाचे स्मारक 1983 मध्ये त्याच बांधावर उभारण्यात आले.

झेलंडमधील अखेरचे भगदाड बुजण्यास नोव्हेंबर 1953 उजाडला. नॉर्मंडीच्या स्वारीसाठी दोस्तांनी तयार केलेल्या काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांपैकी उरलेल्या काही पेट्या त्यासाठी पाण्यात बुडविण्यात आल्या. युद्धाची सामग्री अशी शांततेच्या कामी आली.

प्रलयानंतर तीनच आठवड्यांत सरकारने एक समिती नेमली. तिला ‘डेल्टा समिती’ म्हणतात. व्हान वेन तिचे चिटणीस झाले. ज्यांचे शब्द चौदा वर्षे कपाटात होते त्यांच्याच लेखणीतून आता राष्ट्राची योजना उतरू लागली. समितीपुढचा पहिला प्रश्न स्थापत्याचा नव्हता. तो असा होता की, बांध किती उंच असला म्हणजे पुरे? पूर्वी याचे उत्तर सोपे होते: आठवणीत आलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर थोडासा अधिक. परंतु समुद्राला मागच्या पुराची आठवण ठेवण्याचे बंधन नाही.

म्हणून समितीने डाव्हिड व्हान डांट्सिख या गणितज्ञाचे साहाय्य घेतले. त्याची विचारसरणी थोडक्यात अशी. बांध जसजसा उंच करावा तसतसा खर्च वाढतो, परंतु बुडण्याचा संभव आणि म्हणून संभाव्य नुकसान कमी होत जाते. या दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी येईल ती उंची योग्य. 1956 मध्ये त्याने हा हिशेब प्रसिद्ध केला. मनुष्यप्राणाची किंमत या समीकरणात कशी मांडावयाची, हा प्रश्न त्याच्या हिशेबापुढेही उभा राहिला आणि तो आजही कोणत्याही गणिताने पुरता सुटलेला नाही. तथापि निर्णय तर घेणे भागच होते. मध्य हॉलंडसाठी असे मान ठरले की, एखाद्या वर्षी ज्याच्या येण्याचा संभव दहा हजारांत एक इतकाच आहे अशा भरतीपुढेही संरक्षण टिकले पाहिजे. याचा अर्थ ती भरती दहा हजार वर्षांनी येईल असा नव्हे. ती उद्याही येऊ शकते. फक्त तसे घडण्याचा संभव फार थोडा.

यानंतर प्रश्न आला तो आयसेलचा. एक मार्ग असा की, नदीच्या दोन्ही काठांचे बांध गौड्यापर्यंत उंच करावे. परंतु खालची माती भुसभुशीत. वर भार घालावा तर बांध आपल्याच वजनाने खचणार. शिवाय शेकडो घरे बांधावर आणि त्याच्या कुशीत वसलेली होती. ती पाडावी लागली असती. दुसरा मार्ग असा की, क्रिम्पेनजवळ नदीच्या मुखाशी पक्के धरण घालून समुद्राचा संबंधच तोडावा. पण मग गौड्याकडे जाणाऱ्या बोटींचे काय? आणि आतील खोल शेतांतून रात्रंदिवस उपसलेले पाणी याच नदीत सोडले जात होते, ते जाणार कोठे? बाहेरचा शत्रू अडवावा तर घरातले पाणी घरातच कोंडणार, असा पेच होता.

यातून जो तिसरा मार्ग निघाला तो मुळात कोकणातल्या उघाडीचाच विचार होता. नदी एरवी मोकळी ठेवावयाची आणि संकटापुरती बंद करावयाची. 1954 मध्ये कामास आरंभ झाला आणि 1958 मध्ये दार तयार झाले. डेल्टा योजनेतील हे पहिले काम. नदीच्या दोन्ही तीरांवर उंच काँक्रीटचे मनोरे उभारले असून त्यांच्यामध्ये 80 मीटर लांबीचा पोलादी पडदा टांगलेला आहे. एरवी तो पाण्यापासून खूप वर असतो आणि बोटी त्याच्याखालून जातात. वादळी भरतीचा अंदाज आला की तो सावकाश खाली उतरून नदीच्या तळाशी बांधलेल्या उंबरठ्यावर टेकतो. शेजारी जहाजांसाठी 120 मीटर लांब आणि 24 मीटर रुंद असा एक हौद आहे. ज्या बोटींचे डोलकाठे उंच असतात त्यांना तेथून जावे लागते. त्याला लागूनच पूल बांधला गेल्याने पलीकडच्या प्रदेशातील लोकांची रॉटरडॅमला जाण्यासाठी नावेची वाट पाहणे संपले. त्या वेळचे मंत्री याकोब आल्गेरा यांचे नाव या बांधकामास देण्यात आले.

परंतु दार आले की दाराची काळजीही आली. मातीचा बांध मुका आणि स्वस्थ असतो. तो एकदा बांधला की रात्री कोणी त्याला मिटावा लागत नाही. दार मात्र नेमक्या वेळी मिटले पाहिजे. लवकर मिटले तर आत उपशाचे पाणी चढत जाते. उशीर झाला तर समुद्र आत शिरतो. साखळी अडकली, वीज गेली किंवा पहाऱ्यावरचा मनुष्य चुकला तर इतके पोलाद व्यर्थ. हे ओळखून पहिल्या पडद्याच्या जोडीला दुसरा तसाच पडदा बसविण्यात आला आणि 1976 मध्ये तो पुरा झाला. दारामागचे जुने बांधही सोडून देता आले नाहीत. एकविसाव्या शतकातही ते मजबूत करण्याचे काम करावेच लागले.

क्रिम्पेनचा हा धडा पुढे एका मोठ्या वादात उपयोगी पडला. डेल्टा योजनेप्रमाणे झेलंडमधील एकामागून एक नदीमुखे पक्क्या धरणांनी बंद होत गेली. शेवटचे आणि सर्वांत रुंद मुख शेल्डे नदीच्या पूर्व शाखेचे होते. तेही बंद व्हावयाचे होते. परंतु त्या खाऱ्या पाण्यावर येर्सेके गावच्या कालव-शिंपल्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. भरती थांबली की तो संपणार, आणि त्याबरोबर वाळूच्या सपाट तीरांवर उतरणारे पक्षी व तेथील सारी जीवसृष्टीही. कोळी, निसर्गप्रेमी आणि तरुण विद्यार्थी एका बाजूस. दुसऱ्या बाजूस ज्यांच्या घरची माणसे 1953 मध्ये वाहून गेली होती ते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच हा वाद कठीण होता. ज्याने पाण्यात मूल गमावले त्याला शिंपल्यांची गोष्ट कशी सांगावी? आणि ज्याचे पोट शिंपल्यांवर आहे त्याला, तुझा समुद्र आता तळे होणार, हे कसे सांगावे?

1976 मध्ये संसदेने मध्यम मार्ग स्वीकारला. धरण नको, दारे हवीत. खर्च कितीतरी पटींनी वाढला. 65 अजस्र खांब किनाऱ्यावर घडवून समुद्रात नेऊन उभे करण्यात आले आणि त्यांच्यामध्ये 62 पोलादी दारे बसविण्यात आली. या कामासाठी खास बांधलेल्या जहाजांना शिंपल्यांच्या जातींची नावे दिली होती. ज्यांच्यासाठी हा खर्च झाला त्यांची ती आठवण होती. 4 ऑक्टोबर 1986 रोजी राणी बेआट्रिक्स हिने या कामाचे उद्घाटन केले. हाही उपाय निर्दोष ठरला नाही. खांबांमुळे भरतीचा जोर उणावला आणि आतील वाळूचे तीर हळूहळू झिजू लागले. समुद्राशी केलेल्या कोणत्याही तडजोडीत थोडे तरी द्यावे लागतेच.

राहता राहिला रॉटरडॅमचा तो मोकळा जलमार्ग. 1872 पासून बिनदाराचा राहिलेला हा रस्ता 1997 मध्ये अखेर दारवाला झाला. 360 मीटर रुंदीच्या पात्राच्या दोन्ही काठांवर गोद्या खोदून त्यांत दोन अर्धवर्तुळाकार पोलादी कवाडे ठेवली आहेत. प्रत्येकाची उंची 22 मीटर आणि लांबी 210 मीटर. गरज पडली की ती तरंगत मध्यभागी येतात, पोटात पाणी भरून घेऊन तळाशी बसतात आणि वादळ सरल्यावर पाणी टाकून पुन्हा तरंगतात. मिटण्याचा निर्णय गणकयंत्र घेते, कारण त्या घटकेस माणसाच्या मनाची चलबिचल होण्याचा धोका अधिक, असे मानले गेले. प्रत्यक्ष वादळात ती प्रथम मिटली नोव्हेंबर 2007 मध्ये. पुढे 21 डिसेंबर 2023 रोजी पाण्याच्या पातळीचा ठरलेला अंदाज ओलांडला गेला आणि यंत्राने ती स्वतःहून मिटली.

योहान व्हान वेन यांनी यांतले फारच थोडे पाहिले. क्रिम्पेनचे दार तयार झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1959 मध्ये, ते वारले. वीस वर्षे ज्या बांधांविषयी ते बोलत राहिले त्यांपैकी एकाच्या मुखाशी तरी पडदा उतरताना त्यांच्या हयातीत दिसला, एवढे समाधान त्यांना लाभले असेल.

समुद्राची पातळी आता सर्वत्र वाढत आहे आणि खाडीकाठच्या शहरांना, मग ती उत्तर समुद्रावरची असोत की अरबी समुद्रावरची, बांध आणि दारे यांचा विचार करणे भाग पडत आहे. त्यांना हॉलंडकडून पोलादाची मापे सहज मिळतील. परंतु त्या पोलादामागे जी गोष्ट आहे ती अधिक मोलाची आहे. कपाटातला अहवाल वेळेवर वाचणे, खर्चाचा आणि जीवांचा हिशेब उघडपणे मांडणे, ज्यांचे नुकसान होणार त्यांचेही ऐकून घेणे, आणि वादळाच्या रात्री कोणीतरी जागे राहणे. क्रिम्पेनच्या मनोऱ्यांमध्ये टांगलेला पडदा अजूनही वादळी भरतीला खाली उतरतो. त्या वेळी खोलगट शेतांतल्या घरांत दिवे मालवून लोक झोपलेले असतात, आणि बहुतेकांना तो उतरल्याचे कळतही नाही.